मोजणीत नसलेले सामने

आजोबांनी कॉम्प्टनचं नाव पहिल्यांदा घेतलं, तेव्हा मी त्यांची चूक दुरुस्त करायला गेलो होतो.

एप्रिल २०२० ची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या पेठेत सगळी दारं बंद होती. मी वीस वर्षांचा, आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूचा राखीव खेळाडू. कोल्हापुरात तालमीला कुस्तीचा आखाडा असतो तसाच फुटबॉलचा संघही असतो, आणि पेठ त्या संघापायी जेवण विसरते. शाहू स्टेडियमला कुलूप लागलं होतं. माझे बूट आईने धुऊन माळ्यावर टाकले होते. दिवसभर मी मोबाईलवर आर्सेनलचे जुने सामने बघायचो. आठवीत असल्यापासून मी आर्सेनलवाला. रात्री-अपरात्री आवाज बंद करून सामने बघायचे आणि सकाळी कॉलेजात पेंगायचं, हा माझा धर्म.

आजोबा एकोणनव्वद वर्षांचे. खुर्ची माझ्या शेजारी ओढून त्यांनी विचारलं, "कुठला संघ हा?"

"आर्सेनल. लंडनचा."

"म्हणजे कॉम्प्टनचा."

"आजोबा, कॉम्प्टन क्रिकेटवाला. तुमचा घोटाळा होतोय."

"अरे खुळ्या, तो फुटबॉलवालाही होता. मी बघितलाय त्याला."

"फुटबॉल खेळताना?"

"नाही. ब्रेबॉर्नवर. रणजीच्या फायनलला."

मी हसलो. इंग्लंडचा माणूस रणजी कशाला खेळेल? वयाप्रमाणे आजोबांचं होतंय असं, हे मनातल्या मनात म्हणत मी मोबाईलवर नाव टाकलं. पुढचे दोन तास मी मान वर केली नाही. आजोबांचं शब्दन् शब्द बरोबर होतं.

डेनिस कॉम्प्टन. जन्म २३ मे १९१८, लंडनजवळच्या हेंडनचा. थंडीत फुटबॉल आणि उन्हाळ्यात क्रिकेट, असा त्या काळच्या इंग्लिश पोराचा दिनक्रम असायचा. फरक एवढाच की याला दोन्हीकडून बोलावणं आलं. १९३६ मध्ये, अठराव्या वर्षी, तो मिडलसेक्सकडून क्रिकेट खेळला आणि त्याच वर्षी आर्सेनलच्या पहिल्या संघातून लेफ्ट विंगला उतरला. आर्सेनल म्हणजे त्या दशकातला इंग्लंडचा सगळ्यात बलाढ्य क्लब. त्याच्या जागेवर क्लिफ बॅस्टिन नावाचा मोठा खेळाडू आधीपासून होता, त्यामुळे कॉम्प्टनला बऱ्याचदा थांबावं लागे. म्हणजे तोही राखीव. हे वाचून मला उगाच बरं वाटलं होतं.

थोरला भाऊ लेस्लीसुद्धा आर्सेनलमध्येच, बचाव फळीत. तोही मिडलसेक्सचा यष्टिरक्षक. एका घरातली दोन पोरं, दोन्ही खेळ, तेच दोन क्लब. आमच्या पेठेत असे भाऊ असते तर चौकात त्यांचा फ्लेक्स दरवर्षी बदलला असता.

१९३८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये, वीस वर्षांचा असताना, कॉम्प्टनने ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी शतक केलं. त्याच वर्षी चार्ल्टनविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात त्याची गोलरक्षक सिड हॉबिन्सशी टक्कर झाली आणि गुडघा दुखावला. शतकाची बातमी जगभर झाली. गुडघ्याचं कुणी फार मनावर घेतलं नाही. हा गुडघा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९३९. इंग्लंडमधला फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाला. संघांचे जेमतेम तीन-तीन सामने झाले आणि ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं. लीग थांबली. नुसती थांबली नाही, तर झालेले सामनेही रद्द धरले गेले. त्यातले गोल, हजेऱ्या, गुण, सगळं हिशोबातून वजा. खेळाडूंचे करार संपले. युद्धापूर्वी आठवड्याला जास्तीत जास्त आठ पौंड मिळवणारे खेळाडू आता सामन्यामागे तीस शिलिंगांवर खेळू लागले, तेही सामना असेल तर. आर्सेनलच्या हायबरी मैदानाचा ताबा हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या यंत्रणेकडे गेला. नंतर तिथल्या एका बाजूच्या स्टँडवर बाँबही पडला. आर्सेनलला आपले घरचे सामने खेळायला टॉटनहॅमच्या मैदानावर जावं लागलं. आर्सेनलवाल्याला यातला अपमान वेगळा समजावून सांगायला नको. शिवाजी पेठेला मंगळवार पेठेचा चहा पिऊन सराव करायला लावण्यासारखं.

पण फुटबॉल बंद झाला नाही, हे मला माहीत नव्हतं. सरकारला लोकांचं मन रमवायचं होतं. विभागवार स्पर्धा निघाल्या, युद्धकाळाचा म्हणून वेगळा कप निघाला. सैन्यात असलेला खेळाडू ज्या गावाजवळ तैनात असेल, तिथल्या क्लबकडून पाहुणा म्हणून खेळू शकत होता. आज अकरा कोण येतील, हे दुपारपर्यंत पक्कं नसायचं. बचावपटू लेस्ली कॉम्प्टनला पुढे खेळवलं, तर १९४१ मध्ये एका सामन्यात त्याने एकट्याने दहा गोल केले. डेनिस आधी तोफखान्यात होता, मग सैनिकांना कसरत शिकवणारा प्रशिक्षक झाला. सुट्टी मिळाली की तो खेळायचा.

१० मे १९४१. वेम्बलीवर युद्धकाळातल्या कपचा अंतिम सामना, आर्सेनल विरुद्ध प्रेस्टन. साठ हजार माणसं. सुरुवातीलाच लेस्लीची पेनल्टी खांबाला लागून परत आली. प्रेस्टनने गोल केला. मग डेनिसने बरोबरी साधली. १-१. त्या रात्री लंडनवर जर्मन विमानांनी संपूर्ण युद्धातला सगळ्यात भीषण हल्ला केला. दुपारी ज्या शहराने गोलासाठी घसा कोरडा केला, ते शहर रात्री जळत होतं. फेरसामना तीन आठवड्यांनी झाला आणि प्रेस्टन जिंकलं. प्रेस्टनकडून टॉम फिनी नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा खेळला होता. पुढच्या वर्षी तो सैन्यात गेला आणि इजिप्त, इटली बघून आला. त्याचा लीगमधला पहिला अधिकृत सामना उजाडायला ऑगस्ट १९४६ लागला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

आणि १६ ऑक्टोबर १९४३. मँचेस्टरमध्ये इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. इंग्लंडची आक्रमक फळी अशी: मॅथ्यूज, कार्टर, लॉटन, हेगन, कॉम्प्टन. इंग्लंड ८-० ने जिंकलं. लॉटनचे चार गोल, हेगनचे दोन, कार्टर आणि मॅथ्यूजचा एकेक. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ही फळी अजून आदराने आठवली जाते.

पण हा सामना मोजत नाहीत.

कॉम्प्टन युद्धाच्या आणि त्यानंतर लगेचच्या काळात इंग्लंडकडून असे बारा सामने खेळला. बाराच्या बारा अनधिकृत. त्याच्या नावापुढे इंग्लंडचे फुटबॉल सामने किती, तर शून्य. आर्सेनलकडून लीगचे सामने ५४, गोल १५. युद्धाच्या वर्षांत तो यापेक्षा कितीतरी जास्त सामने खेळला, पण ते वेगळ्या यादीत. एकविसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्यापर्यंतचा काळ. विंगरचे पाय ज्या वयात सगळ्यात हलके असतात, नेमकी ती वर्षं.

त्या लॉकडाऊनमध्ये मला हे वाचून काय झालं, ते आज सांगायला लाज वाटत नाही. मला सोबती मिळाला. युद्धाने त्याची वर्षं खाल्ली, साथीने माझी. मी मनात आमची दोघांची जोडी लावून टाकली.

१९४४ मध्ये त्याला भारतात पाठवलं गेलं. नेमणूक महूला, इंदूरजवळच्या छावणीत. इंदूर म्हणजे होळकर, आणि होळकरांचा संघ म्हणजे कर्नल सी. के. नायडू. छावणीत एवढा मोठा खेळाडू आलाय म्हटल्यावर त्याला संघात घेतलं गेलं, आणि मार्च १९४५ मध्ये कॉम्प्टन रणजीचा अंतिम सामना खेळायला मुंबईत ब्रेबॉर्नवर उतरला.

तो सामना म्हणजे आकड्यांची जत्रा आहे. मुंबई ४६२ आणि ७६४. होळकर ३६० आणि ४९२. विजय मर्चंट २७८. सी. एस. नायडूंनी सामन्यात ९१७ चेंडू टाकले. मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतकं. होळकरांना जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या, आणि त्या डावात सार्जंट कॉम्प्टन नाबाद २४९. सामना होळकर हरले, ३७४ धावांनी. एक किस्सा या खेळीसोबत कायम सांगतात. कुणा श्रीमंत माणसाने शंभरच्या पुढच्या प्रत्येक धावेला रोख पैसे देण्याचा शब्द दिला होता. नाबाद २४९ करून कॉम्प्टन आत आला तर पैशांऐवजी चिठ्ठी. कामासाठी तातडीने कलकत्त्याला जावं लागतंय.

आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे, गिरगावात काकांकडे शिकायला. शाळा बुडवून ते एक दिवस ब्रेबॉर्नवर गेले होते.

"आम्ही सगळे मुंबईचे," ते म्हणाले. "मर्चंट आमचा. पण तो गोरा खेळायला लागला आणि वाटायला लागलं, आउट होऊ नये बाबा हा. शेजारी एक पारशी म्हातारा बसला होता. तो म्हणाला, हा विलायतेत फुटबॉल खेळतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो फुटबॉलवालाच."

"शाळेत मार बसला?"

"बसला की. काकांनी वेगळा दिला."

मग ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "बाहेर लढाई चाललेली. रेशनच्या रांगा. आणि आत हा मनुष्य खेळतोय. बरं वाटलं होतं."

युद्ध संपलं. आर्सेनलचे नऊ खेळाडू परत आले नाहीत. वाया गेलेल्या वर्षांबद्दल बोलताना हे नऊ आधी आठवायला हवेत. त्यांच्याकडे वाया घालवायलाही वर्षं उरली नव्हती.

कॉम्प्टन परतला तो सत्तावीस संपून अठ्ठाविसाव्यात होता. आता फुटबॉल खेळायला कुणाची आडकाठी नव्हती. पण १९४६-४७ चा हिवाळा इंग्लंडच्या क्रिकेट संघाबरोबर ऑस्ट्रेलियात गेला. १९४७ च्या उन्हाळ्यात त्याने ३८१६ धावा आणि १८ शतकं केली. एका मोसमातले हे दोन्ही विक्रम आजवर कुणी मोडलेले नाहीत. लोकांच्या तोंडी कूपनावरचं रेशन आणि कॉम्प्टनच्या धावा एवढ्या दोनच गोष्टी होत्या म्हणतात. केसांच्या क्रीमच्या जाहिरातीत त्याचा भांग झळकायला लागला. १९४७-४८ मध्ये आर्सेनलने लीग जिंकली, त्या संघात तो अधूनमधून होता. १९४८-४९ चा हिवाळा पुन्हा क्रिकेटसाठी, दक्षिण आफ्रिकेत. म्हणजे शांततेच्या काळातही फुटबॉलच्या वाट्याला तो अर्धामुर्धाच आला. आणि गुडघा तर आता बोलायलाच लागला होता.

१९५० चा एफए कप. उपांत्य फेरीत चेल्सी २-० ने पुढे. मध्यंतराच्या जरा आधी फ्रेडी कॉक्सचा कॉर्नर सरळ जाळ्यात गेला, २-१. शेवटची पंधरा मिनिटं राहिली असताना आर्सेनलला पुन्हा कॉर्नर मिळाला. घ्यायला डेनिस गेला. मागून लेस्ली पुढे धावत सुटला. कर्णधार जो मर्सर ओरडत होता, मागे थांब. लेस्लीने ऐकलं नाही. डेनिसचा चेंडू, लेस्लीचं डोकं, २-२. हा गोल मी लॉकडाऊनमध्ये किती वेळा मनात लावला असेल! फेरसामना जिंकून आर्सेनल वेम्बलीला गेलं.

२९ एप्रिल १९५०, समोर लिव्हरपूल. पहिल्या अर्ध्यात कॉम्प्टन अगदीच साधारण खेळला. मध्यंतरात व्यवस्थापक टॉम व्हिटेकरने त्याला आठवण करून दिली की तुझ्या फुटबॉलची आता पंचेचाळीस मिनिटं उरलीत. आर्सेनलचा जुना महारथी अ‍ॅलेक्स जेम्स तिथेच होता, त्याने हळूच दारूचा एक पेला पाजला असंही सांगतात. दुसऱ्या अर्ध्यात माणूसच बदलला. आर्सेनल २-० ने जिंकलं. दोन्ही गोल रेग लुईसचे. कॉम्प्टनने पदक घेतलं आणि फुटबॉल सोडला. बत्तिसावा वाढदिवस अजून महिनाभर लांब होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लेस्ली इंग्लंडकडून पहिला अधिकृत सामना खेळला, अडतिसाव्या वर्षी. धाकट्याला जे मिळालं नाही, ते थोरल्याला सगळे विसरल्यावर मिळालं. आणि १९५५ मध्ये डॉक्टरांनी डेनिसच्या गुडघ्याची वाटीच काढली. त्यानंतरही १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या शेवटच्या कसोटीत परत येऊन त्याने ९४ धावा केल्या.

आता माझं सांगतो. मैदानं पूर्ण उघडली तोवर माझं बाविसावं सरत आलं होतं. माझ्या जागेवर अठराचा एक पोरगा आला होता. वाऱ्यासारखा पळायचा. मला दोनदा उतरवलं, तिसऱ्यांदा नाही. मग पुण्यात नोकरी लागली. मित्र फोनवर म्हणायचे, "भावा, ती दोन वर्षं नसती तर तू आज सीनियरला असतास." मीही ते म्हणायला लागलो. कंपनीत, पोरींसमोर, टर्फवर खेळायला आलेल्या अनोळखी पोरांसमोर. "दोन वर्षं नसती तर." हे वाक्य माझ्या खिशात ओळखपत्रासारखं असायचं.

कधीतरी मी कॉम्प्टनबद्दल परत वाचायला बसलो, आणि एका तारखेवर अडकलो. १९३८. गुडघा १९३८ चा आहे. युद्धाच्या आधीचा.

म्हणजे युद्ध नसतं तरी तो गुडघा होताच. बॅस्टिनही होता. क्रिकेटचे हिवाळी दौरेही होते. "युद्ध नसतं तर" या एका वाक्यात मी त्याच्या आयुष्यातलं सगळं न झालेलं कोंबत होतो, कारण मला माझंही कोंबायचं होतं. खरं हे की फेब्रुवारी २०२० मध्ये, जगाला मास्क माहीत नसताना, आमच्या प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "साठाव्या मिनिटाला तुझा दम संपतो. आणि उजवा पाय तू नुसता उभा राहायला वापरतोस." ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. साथीने माझी दोन वर्षं नेली, हे खरंच. पण त्या दोन वर्षांच्या नावावर मी माझा दमही खपवला होता.

उलट बाजूनेही हे वाक्य खोटंच आहे. ते म्हणतं की मधली वर्षं कोरी गेली. साठ हजार लोकांनी वेम्बलीवर डेनिसचा गोल बघितला, तो कोरा कसा? माझ्या पायाने मी आजवरचा सगळ्यात सुंदर गोल केला तो नोव्हेंबर २०२० मध्ये, पंचगंगेच्या बाजूच्या एका मोकळ्या रानात. चपलांचे गोलपोस्ट. सात विरुद्ध सहा. डावीकडून आत कापत गेलो आणि चक्क उजव्या पायाने मारला. रेफ्री नव्हता, कुणी शूट केला नाही, त्यावर अर्धा तास भांडण झालं.

आजोबा २०२२ मध्ये गेले. नंतर माळा आवरताना आईने जुनी कॅलेंडरं काढली. आमच्याकडे दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहितात. २०२० च्या नोव्हेंबरच्या पानावर आजोबांच्या कापऱ्या अक्षरात रोजचं दूध होतं, आणि काही चौकटींत त्याखाली आणखी एक ओळ. "गोल १." "गोल ०." एका रविवारी "गोल २, भांडण." रोज संध्याकाळी ते मला विचारायचे, किती झाले? मी सांगायचो आणि विसरायचो.

ते पान मी पुण्याला आणलंय. त्याने माझं काही भरून निघालेलं नाही. मी सीनियर संघात खेळलो नाही आणि आता खेळणारही नाही. कॉम्प्टनचे बारा सामने आजही मोजत नाहीत.

मागच्या रविवारी टर्फवर एका नव्या पोराने विचारलं, "दादा, कोल्हापूरचे ना तुम्ही? कुठपर्यंत खेळलात?"

सवयीने तोंडात वाक्य आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "तालमीच्या संघात राखीव होतो. दम कमी पडायचा. चल, तू उजवीकडे घे."